कुड्याची साल, ओव्याचं तेल आणि चार प्रश्न

२२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या एकदम चढल्या. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. पाणी ओसरल्यावर महाडच्या बाजारपेठेत जो चिखल राहिला, तो ज्यांनी उपसला त्यांनाच माहीत. माझे मधले काका तिथे दुकान चालवतात. आठवडाभर ते अनवाणी त्या चिखलात होते. पायाला पत्र्याने कापलं होतं, त्यावर फडकं बांधून काम चालू.

मग ताप आला. अंग मोडून आलं, पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढता येईना. डोळे लाल. आजीने काढा सुरू केला: गुळवेल, अडुळसा, तुळस, मिरी. काका म्हणाले, "दमलोय, दोन दिवसांत उतरेल." चार दिवस काढ्यावर गेले. पाचव्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा त्यांना दवाखान्यात हलवलं. लेप्टोस्पायरोसिस निघाला, मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. काका वाचले. पण डॉक्टरांनी घरच्यांना जो प्रश्न विचारला तो मला अजून टोचतो: "चार दिवस काय करत होतात?"

टोचतो, कारण त्या घरात औषधी वनस्पतींवर पीएचडी करणारी एक मुलगी होती. म्हणजे मीच. आजी मला फोनवर विचारत होती, "तू एवढा अभ्यास करतेस झाडपाल्याचा. काढा चांगलाच ना गं?" आणि मी "हो, चांगला असतो" म्हणाले होते.

आजचा लेख त्या "हो" बद्दल आहे. कुठल्याही वनस्पतीबद्दल "चांगली असते" म्हणण्याआधी काय काय विचारावं लागतं, हे माणसाला एका दिवसात कळलेलं नाही. त्याला दीड-दोनशे वर्षं लागली आणि त्या इतिहासाचा बराच भाग आपल्या मुंबई-कोकणातून जातो. तोच सांगते. सोबतीला आपल्या घाटातलं एक झाड घेऊया, कुडा.

आधी माझं रोजचं काम

माझं काम सांगायला सोपं आहे. पेट्री डिश म्हणजे झाकणाची उथळ काचेची (आता प्लॅस्टिकची) बशी. त्यात अगर घालून केलेला खरवसासारखा थर. त्यावर एका जातीचे बॅक्टेरिया सारखे पसरवायचे. मग अगरमध्ये छोटी विहीर पाडून त्यात वनस्पतीचा अर्क टाकायचा, किंवा अर्कात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी सगळीकडे बॅक्टेरियाचा धुरकट थर आलेला असतो. अर्कात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं, तिथे काही उगवलेलं नसतं. पट्टीने त्या वर्तुळाचा व्यास मोजायचा, वहीत लिहायचा.

हे वर्तुळ पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार आनंद होतो. मीही फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली सगळ्यांचे अंगठे आणि एकाचा मेसेज: "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं." त्या वर्तुळाचा अर्थ एवढा सरळ नसतो हे तेव्हा मलाही नीट समजलं नव्हतं.

पहिला प्रश्न: झाड कुठलं?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाटाने जाताना पावसाच्या तोंडावर पांढऱ्या फुलांनी भरलेली बुटकी झाडं दिसतात, तो कुडा. त्याच्या फुलांची भाजी आपल्याकडे होते. साल कमालीची कडू. हगवण लागली की सालीचा काढा किंवा ताकातून उगाळून देणं ही कोकणातली जुनी रीत. संस्कृतात हा कुटज, बिया म्हणजे इंद्रजव. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आजही औषधांच्या दुकानात मिळतात.

पण "कुडा" म्हणून दोन झाडं दाखवली जातात. एक पांढरा कुडा, त्याचं शास्त्रीय नाव पूर्वी होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका होतं, आता होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. दुसरा काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांना पांढरी फुलं, दोघांना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा, तोडलं की दोघांतून चीक. फरक चव घेतली की कळतो: पांढऱ्याचे बी कडू इंद्रजव, काळ्याचे गोड इंद्रजव. आयुर्वेदालाही ही जोडी माहीत होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे पुरुष आणि स्त्री असे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि अभ्यासक ते या दोन झाडांशी जोडतात.

युरोपने मात्र इथे ठेच खाल्ली. मलबार किनाऱ्यावरून ही साल अठराव्या शतकात "कोनेसी बार्क" किंवा "तेल्लीचेरी बार्क" या नावाने तिकडे पोचली. हगवणीवर नामी औषध म्हणून तिचं कौतुक झालं. मग हळूहळू तक्रारी येऊ लागल्या की गुण येत नाही, आणि पुढे ती विस्मरणात गेली. एकोणिसाव्या शतकातल्या औषधशास्त्रज्ञांनी याचं एक कारण नोंदवलं आहे: बाजारातल्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळली जात होती आणि तिच्यात तो गुण नव्हता. नावांचाही घोळ होता, "अँटिडिसेंटेरिका" म्हणजे हगवणीविरुद्धचं, हे विशेषण दोन्ही कुळांच्या झाडांना लागलेलं होतं.

म्हणजे औषध खोटं ठरलं नव्हतं, वेगळंच झाड दिलं जात होतं. म्हणून आज कुठलाही वनस्पतीचा प्रयोग करायचा तर आधी फांदी, पान, फूल दाबून वाळवून तिचा नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा करावा लागतो, त्याला क्रमांक मिळतो. पहिल्या वर्षी मला हे कारकुनी काम वाटायचं. आता वाटत नाही.

दुसरा प्रश्न: त्यातलं काय, आणि किती?

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पुढच्या काही दशकांत मुंबई हे देशी औषधांच्या अभ्यासाचं मोठं केंद्र बनलं. १८५८ मध्ये मुंबईतल्या हेन्स नावाच्या संशोधकाने कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. "कोनेसी" सालीवरून त्याला पुढे कोनेसीन नाव पडलं. आपल्या घाटातल्या झाडाचा कडूपणा पहिल्यांदा बाटलीत बंद झाला तो असा.

इथे एक मराठी नाव घ्यायलाच हवं. डॉ. सखाराम अर्जुन. ते ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले, वनस्पतिशास्त्र शिकवणारे, १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. त्यांनी १८७९ मध्ये मुंबईत मिळणाऱ्या औषधांची सूची छापली. पुढे विल्यम डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांचा "फार्माकोग्राफिया इंडिका" हा तीन खंडांचा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात आला. वनस्पतीचं देशी नाव, उपयोग, बाजारातला माल, त्यातलं रसायन हे सगळं एका जागी मांडण्याची पद्धत या लोकांनी बसवली.

पण या ग्रंथांत ज्यांचं नाव नाही, त्यांचाही विचार करते. साल कोणती काढायची, कधी काढायची, कडू-गोड कसं ओळखायचं हे ज्यांनी दाखवलं ते जंगलात फिरणारे लोक. कातकऱ्यांचं तर नावच खैरापासून कात काढण्याच्या कामावरून पडलं. छापील पानांवर त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी "स्थानिक लोक" एवढीच राहिली.

रसायन वेगळं काढल्याने मिळालं काय? माप. एका झाडाची साल जूनमध्ये काढली की डिसेंबरमध्ये, कोवळी की जून, यावर तिच्यातलं अल्कलॉइड बदलतं. "चिमूटभर साल" म्हणजे किती औषध हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कोनेसीन वजन करून देता येऊ लागलं. आणि माप आलं म्हणून पुढे त्याचा त्रासही मोजता आला, तो आता येतोच.

तिसरा प्रश्न: शत्रू कोण?

कुडा "हगवणीवर" चालतो, असं आपण म्हणतो. पण हगवण हे लक्षण आहे, आणि ते वेगवेगळ्या कारणांनी येतं. १८७५ मध्ये रशियात फ्योदोर ल्योश यांनी रक्ती आव झालेल्या रुग्णाच्या शौचात अमीबा पाहिला. १८९७ मध्ये जपानमध्ये कियोशी शिगा यांनी आमांशाचा बॅक्टेरिया शोधला, म्हणून त्या कुळाला शिगेला म्हणतात. रुग्ण सारखेच दिसतात, तीच रक्ती आव, तीच पोटातली कळ. पण एक आजार अमीबाचा, दुसरा बॅक्टेरियाचा. अमीबा आणि बॅक्टेरिया यांच्यात जीवशास्त्राच्या दृष्टीने प्रचंड अंतर आहे. एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

हे कळल्यावर कुड्याची नव्याने परीक्षा सुरू झाली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ मध्ये कोनेसीनच्या औषधी क्रियेवर निबंध छापला. पुढे कुड्याची सगळी अल्कलॉइडं बिस्मथ आणि आयोडीनशी जोडून केलेलं "कुर्ची बिस्मथ आयोडाइड" अमीबाच्या जुनाट आजारावर वापरलं गेलं. म्हणजे आजीच्या सालीचा गुण बऱ्याच अंशी अमीबाविरुद्धचा निघाला. पुढे शुद्ध कोनेसीन रुग्णांना जास्त प्रमाणात दिलं तेव्हा झोप उडणं, चक्कर, मनावर परिणाम असे त्रास दिसले. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं आणि कोनेसीन मागे पडलं.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट आता तुमच्या लक्षात येईल. मी मोठ्या आशेने कुड्याचा काढा बॅक्टेरियाच्या प्लेटवर ठेवला. सकाळी वर्तुळच नाही. मला वाटलं, आजी चुकली. आजी चुकली नव्हती, माझा प्रश्न चुकला होता. अमीबाविरुद्ध नावाजलेलं औषध मी बॅक्टेरियासमोर उभं केलं होतं.

१९२७, आणि महाड

कोनेसीनवरचा तो निबंध छापला गेला त्या वर्षी, १९२७ मध्ये, आमच्या महाडात पाण्याच्या शुद्धतेवरून जे झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेने हे तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळं "शुद्ध" करायचं ठरवलं आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतल्या. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला.

हे इथे का सांगतेय? कारण महाडची असल्यामुळे "शुद्ध" हा शब्द मी जपून वापरते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तळ्यात शेण ओतल्यावर पाण्यातले आतड्याचे बॅक्टेरिया वाढतील की घटतील? त्या दिवशी शुद्धतेचं माप पाण्यात नव्हतं, ते पिणाऱ्या माणसाच्या जातीत होतं. प्रयोगशाळेत मी जेव्हा पाण्याचा नमुना प्लेटवर टाकते, तेव्हा प्लेट विचारत नाही की हे पाणी कुणी भरलं. ज्याला चाचणी म्हणायचं तिच्यात उत्तर आधी ठरलेलं नसतं. परंपरेतलं औषध तपासतानाही हीच शिस्त पाळायची असते, मग उत्तर आपल्याला आवडो की न आवडो.

तेलांची गोष्ट, आणि चिखलाची

आता ओव्याकडे येऊ. सुगंधी तेलं म्हणजे वनस्पतीतली उडून जाणारी तेलं: ओवा, दालचिनी, लवंग, गवती चहा, तुळस. पाण्याच्या वाफेबरोबर ती निघतात. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी अशी बरीच तेलं अँथ्रॅक्सच्या जंतूंवर पद्धतशीर तपासली. दालचिनीचं तेल त्यात जोरदार ठरलं. गंमत म्हणजे ज्युलियस पेट्री यांनी आपल्या त्या बशीचं वर्णन छापलं तेही १८८७ मध्येच. म्हणजे तेलांची परीक्षा जवळजवळ पेट्री डिशइतकीच जुनी आहे.

ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. बाजारात "ओव्याचं फूल" म्हणून मिळतं ते हेच. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजाने जर्मनीला जायचा आणि तिथल्या कारखान्यांत त्याचं थायमॉल होऊन जगभर विकलं जायचं. जंतुनाशक म्हणून त्याला मोठी मागणी होती, आतड्यातल्या अंकुशकृमींवरही ते दिलं जायचं.

पण जंतुनाशक किती जोरदार, हे सांगायचं कसं? १९०३ मध्ये रिडील आणि वॉकर या दोघांनी एक पद्धत दिली. टायफॉइडचे बॅक्टेरिया घ्यायचे, एका बाजूला फिनॉल, दुसऱ्या बाजूला तपासायचं द्रव्य. ठरावीक वेळात मारायला फिनॉलच्या तुलनेत किती पातळ केलेलं द्रव्य पुरतं, तो त्याचा गुणांक. आता तुलनेला एक ठरलेली वस्तू मिळाली. आम्ही आज प्रत्येक प्लेटवर एक चकती माहितीतल्या अँटिबायोटिकची आणि एक नुसत्या अल्कोहोलची ठेवतो, ती याच विचाराची नातवंडं. अल्कोहोल का? कारण अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. नुसत्या अल्कोहोलनेही बॅक्टेरिया मरू शकतात. ती चकती ठेवली नाही, तर वर्तुळ झाडाचं की दारूचं हे कळणारच नाही.

१९०८ मध्ये हॅरिएट चिक या संशोधिकेने चार्ल्स मार्टिन यांच्याबरोबर या पद्धतीतली एक मोठी खोट दाखवली. रिडील-वॉकर चाचणी स्वच्छ पाण्यात होते. पण जंतुनाशक वापरायचं कुठे? गटारात, संडासात, जखमेवर. म्हणून त्यांनी चाचणीच्या नळीत वाळवलेली मानवी विष्ठा मिसळली. आणि बऱ्याच नावाजलेल्या द्रव्यांचा जोर उतरला. घाणीतल्या सेंद्रिय पदार्थांना चिकटूनच ती संपत होती, जंतूंपर्यंत पुरेशी पोचत नव्हती.

हे वाचताना मला बाजारपेठेतला चिखल आठवला. प्लेटवर ओव्याच्या तेलाभोवती छान वर्तुळ येतं, म्हणून पुराच्या चिखलात ओव्याचं पाणी शिंपडून काही होणार नाही.

तेलांची आणखी एक अडचण आहे. तेल पाण्यात मिसळत नाही आणि अगर म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे चांगलं तेलही अगरमध्ये नीट पसरत नाही, वर्तुळ लहान येतं. उलट त्याची वाफ झाकणाखाली साठून दूरच्या भागावर परिणाम करते. मग एखादं तेल फुकट बदनाम होतं, एखादं फुकट मिरवतं. यावर उपाय म्हणजे फेसकासारखं द्रव्य घालून तेल द्रवात मिसळायचं आणि निरनिराळ्या प्रमाणांच्या नळ्या लावून, वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण काढायचं. वर्तुळाच्या व्यासापेक्षा हा आकडा बराच भरवशाचा.

हा आकडाच डोळे उघडतो. चांगलं अँटिबायोटिक एका मिलिलिटरमध्ये एखाद-दोन मायक्रोग्रॅमला काम करतं. वनस्पतीच्या कच्च्या अर्काला बरेचदा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे शेकडो-हजारपट जास्त. तेवढं प्रमाण रक्तात नेण्यासाठी किती काढा प्यावा लागेल याचा हिशेब करून बघा. शिवाय हिरड्यासारख्या तुरट वस्तूंमधलं टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. प्लेटवर त्याने बॅक्टेरिया थांबतात, पण तो परिणाम पोटातून रक्तात उतरेलच असं नाही.

दोन हजार तीनशे झाडं

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन दुर्मीळ होतं. बुरशीत असं औषध सापडतं, तर झाडांत का नसेल? ऑक्सफर्डमध्ये ऑस्बर्न या संशोधिकेने २३०० वनस्पतींचे रस दोन बॅक्टेरियांवर तपासले आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. आपल्याकडेही वारं आलं. १९४६ मध्ये राव, मरियम जॉर्ज आणि पंडालई यांनी शेवग्याच्या मुळातल्या जंतुरोधक द्रव्याबद्दल "नेचर" मध्ये लिहिलं, त्याला टेरिगोस्पर्मिन नाव दिलं. १९८१ मध्ये जर्मन संशोधकांनी शेवग्याच्या बियांचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा गुणकारी रेणू वेगळाच निघाला. १९६८ मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने २८५ भारतीय वनस्पतींची चाळणी छापली.

इतकं करून हाती काय आलं? खरं सांगायचं तर आज पोटातून किंवा सुईने दिली जाणारी प्रमुख अँटिबायोटिक्स वनस्पतींतून आलेली नाहीत. पेनिसिलिन बुरशीतून, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या सूक्ष्मजीवातून. झाडांनी मलेरियावर क्विनीन आणि आर्टेमिसिनीन दिलं, पण मलेरियाचा परजीवी बॅक्टेरिया नव्हे. झाडं स्वतःचं रक्षण एकाच जबर विषाने करत नाहीत. ती बरीच सौम्य द्रव्यं एकत्र वापरतात. आम्ही मात्र सत्तर-ऐंशी वर्षं एकच जालीम रेणू शोधत बसलो.

चौथा प्रश्न: माणसात काय होतं?

आता काकांकडे परत. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि जखमेतून शरीरात शिरतो. १९८० च्या दशकात पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला जाणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांचे दोन गट केले गेले. एका गटाला आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. १९८४ मध्ये निकाल छापला: बिनऔषधाच्या गटात २० जणांना लेप्टो, औषधाच्या गटात एकाला. पूर आल्यावर आरोग्य कर्मचारी वाटतात त्या गोळ्यांमागे असे अभ्यास आहेत.

लेप्टोवर आजीच्या काढ्याची अशी परीक्षा झालेली नाही. काढा वाईट होता असं मी म्हणत नाही. घशाला बरं वाटलं असेल, पोटात पाणी गेलं. पण त्याच्या भरवशावर चार दिवस गेले आणि लेप्टोत ते चार दिवसच महत्त्वाचे असतात. मी फोनवर "चांगला असतो" म्हणण्याऐवजी "कशावर चांगला?" एवढं विचारलं असतं, तर पोटऱ्यांचं दुखणं माझ्या कानावर आलं असतं.

मग हे काम करायचं कशाला?

हा प्रश्न मला आमच्या गावात नेहमी विचारतात. उत्तर पुन्हा कुड्यापाशीच आहे. बॅक्टेरिया औषधांना दाद देईनासे होत आहेत. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या कारणाने झाल्याचा अंदाज "लॅन्सेट" मध्ये २०२२ ला आला. बॅक्टेरियाची एक युक्ती म्हणजे पेशीतले पंप. औषध आत आलं की पंपाने बाहेर फेकायचं, घरात शिरलेलं पाणी उपसावं तसं. २०१७ मध्ये थायलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की स्यूडोमोनास या चिवट बॅक्टेरियाच्या अशा पंपाला कोनेसीन अडवतं. मग अँटिबायोटिक आत टिकतं आणि कमी प्रमाणात काम करतं. हे अजून प्रयोगशाळेतलं आहे, गोळी झालेली नाही. पण बघा, १८५८ मध्ये मुंबईत बाटलीत भरलेलं द्रव्य एकट्याने बॅक्टेरिया मारायला कमी पडतं, दुसऱ्या औषधाला मदत मात्र करू शकतं. नुसत्या वर्तुळाच्या मागे लागलो असतो तर हे दिसलंच नसतं.

मी आता माझ्या प्लेटवर कुडा एकटा ठेवत नाही. अँटिबायोटिकच्या शेजारी ठेवते.

एक काळजी मात्र आहे. साल हवी म्हणून झाडाभोवती पूर्ण गोल सोलली तर झाड वाळतं. "कुड्यावर संशोधन चालू आहे" एवढ्या बातमीनेही व्यापारी घाटात येऊ शकतात. म्हणून मी नमुन्यासाठी छाटलेल्या फांदीची साल घेते. ती कुणी दाखवली हे त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने वहीत लिहिते. दीडशे वर्षांपूर्वी जे राहून गेलं, निदान ते माझ्या वहीत राहू नये.

गेल्या पावसात आजीचा फोन आला. शेजारच्या मुलाला ताप होता. "काढा करू का?" असं तिने विचारलं नाही. म्हणाली, "त्याने चिखलात काम केलंय आणि पोटऱ्या दुखतायत म्हणतो. मी त्याला आधी सरकारी दवाखान्यात धाडलाय. काढा आल्यावर देईन."

चारही प्रश्न तिने कधी वाचलेले नाहीत. पण त्यातला तिसरा तिने बरोबर विचारला होता.